रीफ टँकची सफाई कोणाकडून करून घ्यावी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 200 लिटरचा रीफ टँक (प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) लावून पाच आठवडे झाले. वाळूवर, खडकांवर तपकिरी थर चढलाय. दुकानदार म्हणतो, चाळीस गोगलगायी आणि वीस हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) यांचा संच घ्या, आठवड्यात लख्ख होईल. घेऊ का? (ठाणे)

घेऊ नका. हा थर डायटम या सूक्ष्म शैवालाचा आहे. पाण्यातून, वाळूतून आलेल्या सिलिकेटवर तो पोसतो आणि नव्या टँकमध्ये बहुतेक वेळा आपणहून ओसरतो. नळाचं पाणी वापरत असाल तर आधी आरओ-डीआयचं (त्या यंत्राने क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी सुरू करा. आज साठ तोंडं आणलीत तर थर भराभर फस्त होईल, पण त्यानंतर त्यांनी खायचं काय? उपाशी गोगलगायी शंखातच मरतात, कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि शेवटी त्याच खतावर हिरवं शेवाळ माजतं. मग दुकानदार दुसरा संच देतो. अमुक लिटरला अमुक गोगलगायी हा हिशेब मला मुळातच पटत नाही. टँकमध्ये रोज खायला किती उगवतं, त्यावर संख्या ठरवावी.

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले आहेत ना, ते तपासा. आले असतील तर चार ट्रोकस आणि तीन-चार सेरिथ जातीच्या गोगलगायी पुरेत. ट्रोकस काच आणि खडक खरवडतात, सेरिथ वाळूच्या वरच्या थरातही फिरतात. मासे आले, त्यांना खाणं सुरू झालं, की दोन नॅसारियस गोगलगायी घ्या. त्या शेवाळ खात नाहीत, उरलंसुरलं मांसाहारी खाद्य उचलतात. दिवसभर वाळूत गाडून घेतात आणि सोंडेसारखी बारीक नळी तेवढी बाहेर ठेवतात. कोळंबीचा तुकडा पाण्यात पडला की वाळू फोडून वर येतात.

महिन्याभराने दिवे मालवल्यावर टॉर्च लावून काच बघा. शेवाळाच्या पातळ थरावर नागमोडी रेघा दिसल्या, तर त्या गोगलगायींच्या जिभेच्या खुणा आहेत आणि खाणं चालू आहे. खरवडायला काहीच उरलेलं दिसत नसेल, तर आणखी एकही आणू नका.

प्रश्न : दर आठवड्याला एखादी अ‍ॅस्ट्रिया गोगलगाय मरते आणि तिचा शंख हर्मिट क्रॅब घालून फिरतो. तोच मारतो का? (पुणे)

मारू शकतो. हर्मिटला वाढीनुसार मोठा शंख लागतो आणि रिकामा मिळाला नाही तर तो जिवंत मालकाला ओढून काढतो. त्याच्या आकाराहून थोडे मोठे रिकामे शंख टँकमध्ये टाकून ठेवा. तरीही सगळा दोष मी त्याच्यावर टाकणार नाही. अ‍ॅस्ट्रिया वाळूवर उताणी पडली की तिला सहसा सरळ होता येत नाही. ती तशीच अशक्त होते आणि हर्मिट नंतर पोचतो. सकाळी उताण्या दिसतील त्या हाताने सरळ करा. पुढच्या वेळी ट्रोकस घ्या, ती उताणी पडली तरी स्वतः सरळ होते.

आणल्यापासून थोड्याच दिवसांत मरत असतील तर पाण्यात सोडण्याची पद्धत तपासा. या जिवांच्या अंगातला खारटपणा भोवतालच्या पाण्याइतकाच असतो, त्यामुळे पाणी एकदम बदललं की पेशींनाच धक्का बसतो. दुकानाच्या टँकची घनता 1.021 आणि तुमची 1.026 असेल, तर पिशवी नुसती तरंगत ठेवून भागत नाही. हवेच्या पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारा आणि तास-दीड तास तुमच्या टँकचं पाणी पिशवीतल्या जिवांना थेंबथेंब द्या. मेक्सिकन टर्बो मात्र चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसलेल्या टँकमध्ये आणू नका. ती थंड पाण्यातली गोगलगाय आहे, आपल्या उन्हाळ्यात तगत नाही.

प्रश्न : वाळूवर लाल, बुळबुळीत चादर आलीये. ती कोण खातं? (नाशिक)

भरवशाचं कोणीच नाही. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जीवाणू आहेत. पाणी बदलताना नळीने ओढून काढा, त्या कोपऱ्यात प्रवाह वाढवा, माशांचं खाणं कमी करा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मोजा, कारण नायट्रेट अगदी शून्यावर असलं तरी सायनो येतात.

प्रश्न : ओहोटीला खडकांवर गोगलगायी, सागरी काकड्या भरपूर दिसतात. त्याच आणल्या तर? (मालवण)

कृपा करून आणू नका. प्रवाळ आणि सागरी काकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली 2001 पासून संरक्षण आहे. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस हे मोठे शंखही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे दुकानातही नेमकी जात विचारून, पावती घेऊनच खरेदी करा. त्यातून तुमच्या किनाऱ्याला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या बऱ्याच गोगलगायी पाण्याबाहेर चढून बसणाऱ्या असतात, टँकमध्ये त्या काठावर येतात आणि बाहेर पडून सुकतात. सागरी काकडीचा धोका वेगळा. ती मेली किंवा पंपात अडकली, तर तिच्या विषाने सगळे मासे जाऊ शकतात.

प्रश्न : माशांवर पांढरे ठिपके आलेत. टँकमध्ये तांब्याचं औषध टाकू का? गोगलगायी आणि कोळंब्या आहेत. (न्यू जर्सी)

मुख्य टँकमध्ये अजिबात नाही. माशांना बरं करणाऱ्या मात्रेत तांबं गोगलगायी, कोळंब्या, हर्मिट आणि प्रवाळ मारतं. शिवाय ते खडकांत, वाळूत मुरतं आणि पुढे झिरपत राहतं. सगळे मासे वेगळ्या टाकीत काढा, तिथे उपचार करा आणि रोज कॉपर टेस्ट किटने मात्रा बघा. मुख्य टँक मासे नसलेला निदान सहा आठवडे, जमल्यास अकरा, तसाच चालू ठेवा, म्हणजे तिथले ठिपक्यांचे परजीवी माशांविना मरतील. या काळात खाद्य पडणार नाही, म्हणून नॅसारियस आणि कोळंब्यांसाठी दोन-तीन दिवसांआड कोळंबीचा चिमूटभर तुकडा टाका. तासाभरात उचलला गेला नाही तर काढून घ्या.