वाचक विचारतात : पर्ल जॅम हा बँड एका ध्वनिफितीतून जन्माला आला का?

प्रश्न : अमेरिकेतील पर्ल जॅम हा बँड सॅन डिएगोहून टपालाने आलेल्या एका ध्वनिफितीमुळे उभा राहिला, असे वाचनात आले. ही हकीकत खरी आहे, की प्रसिद्धीनंतर रचलेली आख्यायिका? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ध्वनिफितीची हकीकत खरी आहे. मात्र तिच्या आधीची सहा वर्षे वगळून ती सांगितली जाते आणि त्यामुळे तिला चमत्काराचे रूप येते.

1984 साली सिअ‍ॅटल शहरात ग्रीन रिव्हर नावाचा बँड स्थापन झाला. त्यातील बेस गिटारवादक जेफ अमेंट हा माँटाना राज्यातील बिग सँडी या लहानशा गावातून आलेला होता, तर पुढे त्यात दाखल झालेला गिटारवादक स्टोन गॉसर्ड सिअ‍ॅटलचाच. गायक मार्क आर्म आणि गिटारवादक स्टीव्ह टर्नर हे त्याच बँडमधले. पंकचा उद्धटपणा आणि हेवी मेटलचा जडपणा एकत्र करणारे जे संगीत नंतर ग्रंज म्हणून ओळखले गेले, त्याच्या अगदी आरंभीच्या बँडांमध्ये ग्रीन रिव्हरची गणना होते. 1987 मध्ये हा बँड फुटला. आर्मला लहान, स्वतंत्र कंपन्यांच्या वर्तुळातच राहायचे होते; अमेंट आणि गॉसर्ड यांना मोठ्या कंपनीचा करार आणि मोठा श्रोतृवर्ग हवा होता. आर्म आणि टर्नर यांनी मडहनी स्थापन केला. अमेंट आणि गॉसर्ड यांनी अँड्र्यू वुड या विलक्षण नखरेल गायकाला बरोबर घेऊन मदर लव्ह बोन उभा केला. पर्ल जॅमच्या मुळाशी मला हा तंटा त्या ध्वनिफितीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण यश हवे आहे हे उघडपणे मान्य करणारी माणसे त्या शहरात फारशी नव्हती, आणि या दोघांनी ते मान्य केले होते.

मदर लव्ह बोनला पॉलिग्रॅम या मोठ्या कंपनीचा करार मिळाला आणि पहिला पूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित होऊन प्रकाशनाच्या उंबरठ्यावर आला. नेमक्या त्या वेळी, म्हणजे 19 मार्च 1990 रोजी, हेरॉइनच्या अतिसेवनानंतर रुग्णालयात असलेल्या वुडचे निधन झाले. तो 24 वर्षांचा होता. अल्बम त्याच वर्षी उन्हाळ्यात बाजारात आला, पण तोपर्यंत बँडच उरला नव्हता.

त्यानंतरच्या काही महिन्यांत गॉसर्डने नव्या, आधीपेक्षा जड आणि गंभीर चाली रचायला घेतल्या. माइक मॅक्रेडी हा गिटारवादक लॉस एंजेलिसमध्ये नशीब अजमावून, अपयश घेऊन सिअ‍ॅटलला परतला होता. गॉसर्डने त्याला बोलावले आणि मॅक्रेडीने गॉसर्डला अमेंटशी पुन्हा जुळवून घेण्याचा आग्रह धरला. तिघांनी शब्दांविना काही चालींची ध्वनिफीत तयार केली. तिच्यात बहुतेक ठिकाणी ड्रम वाजवले होते सिअ‍ॅटलच्याच साउंडगार्डन या बँडच्या मॅट कॅमेरॉनने, जो पुढे 1998 मध्ये पर्ल जॅममध्येच दाखल झाला. ही ध्वनिफीत त्यांनी रेड हॉट चिली पेपर्स या बँडचा माजी ड्रमवादक जॅक आयर्न्स याच्याकडे दिली. तू ये, आणि कोणी गायक माहीत असेल तर सांग, अशी दुहेरी विनंती त्यामागे होती. आयर्न्सने स्वतः येण्यास नकार दिला, पण ध्वनिफीत सॅन डिएगोतील आपल्या मित्राच्या हाती ठेवली. तो मित्र म्हणजे एडी वेडर.

वेडर तेव्हा पेट्रोल पंपावर रात्रपाळीचे काम करीत असे आणि समुद्रावर सर्फिंग करणे हा त्याचा नित्यक्रम होता. त्या चाली ऐकून तो लाटांवर गेला, आणि परतल्यावर तीन गाण्यांचे शब्द लिहून घरच्याच यंत्रावर त्याने आपला आवाज त्या चालींवर चढवला आणि ती ध्वनिफीत टपालाने सिअ‍ॅटलला पाठवली. ‘अलाइव्ह’, ‘वन्स’ आणि ‘फुटस्टेप्स’ ही ती तीन गाणी मिळून एकच कथानक तयार होते : आपण ज्याला वडील समजत होतो तो आपला जन्मदाता नाही, हे कळलेला मुलगा, त्याच्या हातून घडणारे खून आणि अखेरीस तुरुंगाची कोठडी. कथेचा पहिला भाग वेडरच्या स्वतःच्या आयुष्यातला आहे. त्याच्या खऱ्या वडिलांचे निधन झाल्यानंतर त्याला ते सत्य समजले होते. मित्र गमावलेल्या तीन वादकांच्या चालींना वडील गमावलेल्या परक्या माणसाने शब्द दिले, हा योगायोग निश्चितच विलक्षण आहे. परंतु त्या चाली रचण्याची, गायकाविना तालमी करण्याची आणि ध्वनिफिती वाटण्याची तयारी मुळात नसती, तर योगायोग घडण्यास जागाच उरली नसती.

ऑक्टोबर 1990 मध्ये वेडर सिअ‍ॅटलला आला. एका कलादालनाच्या तळघरात तालमी सुरू झाल्या आणि 22 ऑक्टोबरला ऑफ रॅम्प या क्लबमध्ये बँडचा पहिला जाहीर कार्यक्रमही झाला. ड्रमवर डेव्ह क्रुसेन होता. सुमारे दोन आठवड्यांपूर्वी परस्परांना न भेटलेली माणसे रंगमंचावर उभी राहू शकली, ती त्यांपैकी दोघांना एकमेकांचे वाजवणे वर्षानुवर्षे पाठ होते म्हणून.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. वुडबरोबर एकाच घरात राहिलेला साउंडगार्डनचा गायक ख्रिस कॉर्नेल याने मित्राच्या आठवणीत काही गाणी लिहिली होती. ती ध्वनिमुद्रित करण्यासाठी गॉसर्ड, अमेंट, मॅक्रेडी आणि कॅमेरॉन एकत्र आले आणि त्यातून टेम्पल ऑफ द डॉग हा अल्बम तयार झाला. ‘हंगर स्ट्राइक’च्या तालमीत कॉर्नेलला खालच्या पट्टीतील ओळी अडचणीच्या जात असताना वेडर ध्वनिक्षेपकापुढे गेला आणि त्याने त्या गायल्या. मृत मित्राच्या जागी येऊ घातलेल्या अनोळखी गायकाला त्या शहराने कसे स्वीकारले, याचे उत्तर या गाण्यात ऐकू येते, असे माझे मत आहे.

प्रश्न : या बँडचे नाव वेडरच्या पणजीच्या नावावरून पडले, हे खरे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पणजी पर्ल आणि तिचा गुंगी आणणारा मुरंबा ही गोष्ट वेडरनेच मुलाखतींमधून पसरवली आणि नंतर त्यानेच ती थाप असल्याचे सांगून टाकले. पणजीचे नाव मात्र खरोखरच पर्ल होते. आरंभी बँडने मूकी ब्लेलॉक या बास्केटबॉलपटूचे नाव घेतले होते. करार होताना ते ठेवणे शक्य नव्हते, म्हणून ते बदलले. पण ब्लेलॉकच्या सदऱ्यावरचा 10 हा क्रमांक ‘टेन’ या पहिल्या अल्बमच्या शीर्षकात कायम राहिला.

प्रश्न : 1990 च्या दशकात स्टार टीव्हीवरून दिसणाऱ्या एमटीव्हीवर आम्ही प्रथम निर्वाणा पाहिला आणि मागाहून पर्ल जॅम. निर्वाणाने वाट मोकळी केली आणि पर्ल जॅम आयत्या बिळावरचा नागोबा ठरला, असे माझे मित्र म्हणतात. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे नवे नाही; निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन यानेही पर्ल जॅमवर व्यापारी वृत्तीचा आरोप केला होता. प्रथम तारखा पाहू. ‘टेन’ मार्च-एप्रिल 1991 मध्ये सिअ‍ॅटलच्याच लंडन ब्रिज स्टुडिओत, निर्माता रिक पराशर याच्याबरोबर ध्वनिमुद्रित झाला आणि 27 ऑगस्ट 1991 रोजी प्रकाशित झाला. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ त्यानंतर जवळजवळ महिन्याने, 24 सप्टेंबरला आला. तेव्हा दुसऱ्याची चाल पाहून पहिला अल्बम बेतला, हा आरोप टिकत नाही. एपिक कंपनीचा करारही आयत्या वेळी मिळालेला नव्हता. मदर लव्ह बोनला पॉलिग्रॅममध्ये आणणारे मायकेल गोल्डस्टोन पुढे एपिकमध्ये गेले आणि त्यांनी अमेंट-गॉसर्ड यांच्यावरचा विश्वास सोडला नाही.

विक्रीबाबत मात्र आपल्या मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘टेन’ प्रथम संथपणे विकला गेला. जानेवारी 1992 मध्ये ‘नेव्हरमाइंड’ने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिले स्थान मिळवले, आणि त्यानंतर रेडिओ केंद्रांनी, दूरचित्रवाणीने व दुकानदारांनी सिअ‍ॅटलच्या प्रत्येक बँडकडे नव्या नजरेने पाहिले. टेम्पल ऑफ द डॉगचा अल्बम 1991 मध्ये फारसा कोणी विकत घेतला नव्हता. 1992 मध्ये कंपनीने तो पुन्हा पुढे आणला तेव्हा त्याच्या दहा लाख प्रती गेल्या. पर्ल जॅमलाही या वाऱ्याचा लाभ झालाच.

परंतु त्या वर्षभरात बँडने केलेले कष्ट नजरेआड करता येत नाहीत. 1991 च्या आरंभी त्यांनी अ‍ॅलिस इन चेन्स या सिअ‍ॅटलच्याच बँडच्या कार्यक्रमांत आधी वाजवले, वर्षअखेरीस रेड हॉट चिली पेपर्सच्या दौऱ्यात दुय्यम बँड म्हणून गावोगावी फिरले आणि 1992 च्या उन्हाळ्यात लोलापालूझा या फिरत्या महोत्सवात दुपारच्या उन्हात मांडवाच्या कमानीवर चढून गाणाऱ्या वेडरला पाहण्यासाठी गर्दी लवकर येऊ लागली. त्याच वर्षी ‘टेन’ दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचला. पहिले स्थान त्याला कधीच मिळाले नाही, तरी एकट्या अमेरिकेत त्याच्या 1 कोटी 30 लाखांहून अधिक प्रती गेल्या.

प्रश्न : पर्ल जॅमचे संगीत ऐकताना ते जुन्या रॉकच्या जवळचे वाटते. मग त्यांना ग्रंज का म्हणतात? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपल्या कानांनी बरोबर ओळखले आहे. मडहनीची खरखरीत, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली गिटार किंवा साउंडगार्डनच्या किम थायिलची (त्याचे आईवडील केरळचे) गडद, विषम तालांत अडकणारी रचना यांच्या शेजारी ‘टेन’ बराच गुळगुळीत वाटतो. मॅक्रेडीच्या एकल वादनात जिमी हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे व्हॉन हे गिटारवादक ऐकू येतात, तर वेडरच्या गायनामागे जुन्या पिढीतील गायक नील यंग आणि ‘द हू’ हा बँड. ‘टेन’च्या मिश्रणातील (म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रण एकत्र जुळवण्यातील) घुमणारा आवाज खुद्द अमेंटलाही नंतर खटकला, आणि 2009 च्या नव्या आवृत्तीत ब्रेंडन ओब्रायनने केलेले कोरडे मिश्रणही देण्यात आले.

तरीही त्यांना या प्रवाहाबाहेर काढता येत नाही. 1980 च्या दशकात अनेक मोठे दौरे सिअ‍ॅटलला वळसा घालून जात. 1985 च्या नगर-नियमाने अल्पवयीनांसाठी कार्यक्रम करणे फारच अवघड केले होते. अशा शहरात मोजके क्लब, वॉशिंग्टन विद्यापीठाचे केसीएमयू हे रेडिओ केंद्र आणि सब पॉपसारखी तुटपुंज्या भांडवलाची कंपनी एवढ्याच आधारावर वादक एकमेकांचे श्रोते झाले, एकमेकांच्या बँडांत वाजवू लागले. पर्ल जॅमची माणसे त्याच घरातली आहेत. संगीत मात्र त्यांनी जुन्या रॉककडून अधिक घेतले.

प्रश्न : इतक्या वेगाने वर आलेल्या बँडने स्वतःच मागे हटण्याचे धोरण का स्वीकारले? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : यशाचा आकार त्यांच्या अपेक्षेपलीकडे गेला होता. ‘जेरेमी’ या गाण्याच्या चित्रफितीने 1993 मध्ये एमटीव्हीचे चार पुरस्कार मिळवले, आणि त्यानंतर बँडने चित्रफिती काढणेच थांबवले. एवढे करूनही ऑक्टोबर 1993 मध्ये आलेल्या ‘व्हर्सस’ या दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या पाच दिवसांत साडेनऊ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, हा त्या काळचा विक्रम होता. त्याच महिन्यात वेडरचे छायाचित्र टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. यश हवे म्हणून ग्रीन रिव्हर सोडणाऱ्या अमेंट आणि गॉसर्ड यांच्यापेक्षा हे प्रकरण वेडरला अधिक जड गेले.

1994 मध्ये त्यांनी तिकीट विक्रीतील टिकेटमास्टर या बलाढ्य कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली. तिकीट 20 डॉलरच्या आत राहावे आणि त्यावरील सेवाशुल्क माफक असावे, अशी त्यांची मागणी होती. 30 जून 1994 रोजी अमेंट आणि गॉसर्ड यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. तत्त्व म्हणून ही भूमिका मला आदरणीय वाटते. व्यवहारात ती फार महाग पडली. अनेक मोठी सभागृहे त्या कंपनीशी करारबद्ध असल्याने 1995 च्या दौऱ्यासाठी आडवाटेच्या जागा शोधाव्या लागल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमात आजारी वेडर सात गाण्यांनंतर निघून गेल्यावर उरलेला कार्यक्रम नील यंगने पुढे नेला. न्याय खात्याने जुलै 1995 मध्ये चौकशी बंद केली. अमेरिकेत सलग दौरा करणे बँडला पुढील काही वर्षे जमले नाही. अखेर 1998 मध्ये ते पुन्हा टिकेटमास्टरमार्फत तिकिटे विकणाऱ्या सभागृहांत वाजवू लागले.