परसबागेत जुन्या वाणाची तंबाखू: बी न उगवण्यापासून बी राखण्यापर्यंत

घरात जपून ठेवलेलं किंवा कुणाकडून मिळालेलं जुन्या वाणाचं तंबाखूचं बी परसबागेत लावण्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. बी उगवत का नाही, टोमॅटो-मिरचीशेजारी झाडं चालतील का, वाण शुद्ध कसं राखायचं आणि पानांचा काढा फवारला तर चालेल का, हे त्यातले मुख्य. आधी एक गोष्ट. घरगुती लागवडीबाबतचे नियम सगळीकडे सारखे नसतात, तेव्हा आपल्या भागातला नियम विचारूनच बी टाका.

बी उगवलं नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी ते मातीत गाडलेलं असतं. तंबाखूचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजारांवर दाणे भरतात. अर्धा सेंटिमीटर माती वर आली तरी कोंबाला बाहेर येण्याइतकी ताकद त्यात नसते. शिवाय या बियाला उगवायला उजेड लागतो. म्हणून चिमूटभर बी कोरड्या चाळलेल्या वाळूत मिसळा, भुसभुशीत ट्रेवर भुरभुरा, हाताने हलकेच दाबा आणि वर काहीही टाकू नका. झारीने पाणी घातलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. त्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या. उबदार जागी आठ-दहा दिवसांत हिरवी नक्षी दिसते. ती दिसली की विरळणी करा आणि पाणी बेताने द्या, नाहीतर रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. दीड-दोन महिन्यांनी, रोप वीतभर झालं की निचऱ्याच्या जमिनीत दोन ते तीन फुटांवर लावा. खत घालताना म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यातलं क्लोराइड या पिकाला मानवत नाही.

आता शेजाराबद्दल. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही सगळी तंबाखूच्याच कुळातली. मोझॅकचा विषाणू आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी यांना हे सगळं घर आपलंच वाटतं. पानावर फिकट-गर्द हिरवे ठिपके उमटले, पान आकसलं, की झाड मुळासकट उपटा, दुसरा इलाज नाही. हा विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो आणि हातावरून, कात्रीवरून पसरतो. म्हणून तंबाखू मळणाऱ्याने किंवा सिगारेट ओढणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय टोमॅटोच्या रोपाला हात लावू नये. माझं मत विचाराल तर तंबाखू बागेच्या दुसऱ्या टोकाला असावी, आणि गेल्या हंगामात जिथे टोमॅटो किंवा वांगी होती तिथे तर नकोच.

वाण राखणं हे खरं कौशल्याचं काम. तंबाखूचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण पतंग आणि मधमाश्या शेजारच्या वाणाचा पराग आणतातच. बियासाठी जोमदार, एकसारखी तीन-चार झाडं निवडा. त्यांचा शेंडा खुडू नका. बाकीच्यांचा कळ्या दिसताच खुडा आणि बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणारे फुटवे) काढत राहा, म्हणजे पानं भरतात. निवडलेल्या झाडाचं एखादं फूल उमललं असेल तर ते तोडून टाका, मग पूर्ण तुऱ्यावर मलमलीची पिशवी चढवून सैल बांधा. चार-पाच दिवसांनी पिशवी हलकेच झटका. गळालेल्या पाकळ्या आत साचल्या तर बोंडांवर बुरशी येते. बोंडं तपकिरी झाली की तुरा कापून कागदावर उलटा टांगा. बी पूर्ण सुकल्यावर बाटलीत भरून वाणाचं नाव आणि वर्ष लिहा. कोरड्या, थंड जागी ते बरीच वर्षं टिकतं.

पानं हाताळताना हातमोजे घाला, विशेषतः दवाने किंवा पावसाने ओली असताना. निकोटीन कातडीतून अंगात जातं. मळमळ, उलटी, चक्कर सुरू होते. तसं झालं तर लगेच काम थांबवा, कपडे बदला, साबण-पाण्याने अंग धुवा आणि बरं वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. मुलं आणि जनावरं या झाडांपासून लांबच ठेवा.

राहिला काढा. पानांच्या काढ्याने मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, मरतो हे खरं, पण निकोटीन माणसालाही विषारी आहे आणि घरच्या काढ्यात ते किती उतरलं हे कळायला मार्ग नाही. भाजीवर तो फवारू नका. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, आणि पानाखाली अळीच्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तेवढं पान तोडून नष्ट करा.