पांढऱ्या पेशी पोचल्या, तरी आजार मणक्यात कसा गेला?

प्रश्न : आमचे नाना ६२ वर्षांचे, कापूस-केळीचे शेतकरी. खोकला आधी टीबीचा समजला गेला. तुकडा तपासणीत फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (एक प्रकारचा कर्करोग) निघाला, तोही मणक्यात गेलेला. अहवालात ‘गाठीभोवती भरपूर लिम्फोसाइट’ आणि ‘पीडी-एल१ : ६० टक्के’ असं लिहिलंय. शरीराची फौज गाठीपाशी होती, तर आजार पसरला कसा? ताकद वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा द्यावा का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : अहवालातला ‘भोवती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बऱ्याच लिम्फोसाइट, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, गाठीच्या कडेला, तंतूंच्या जाळ्यातच अडकतात. ज्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) आत शिरतात त्या इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात, आणि ते लागताच कर्कपेशी अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन वाढवते. ते टी पेशीवरच्या पीडी-१ ला चिकटलं की टी पेशीला ब्रेक लागतो. ६० टक्के म्हणजे १०० कर्कपेशींपैकी साधारण ६० पेशींवर हे प्रथिन दिसलं. आजार ६० टक्के पसरला, असा त्याचा अर्थ नाही. घरात सगळ्यांना हे सांगा.

पसरायला मदत करतात त्या आपल्याच मॅक्रोफेज. एरवी जखम भरणाऱ्या या पेशींना गाठ ओढून घेते. त्या कोलॅजन (पेशींभोवतीचे तंतू) विरघळवतात, नव्या रक्तवाहिन्या आणतात, आणि त्या वाटेनं कर्कपेशी रक्तात उतरते. तिथं बहुतेक मरतात. पण काहींना प्लेटलेट लपेटून घेतात, मग त्यांना मारणाऱ्या नॅचरल किलर पेशींना त्या ओळखू येत नाहीत.

लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडलं होतं : बी सगळीकडे उडतं, पण मानवेल त्याच जमिनीत उगवतं. नानांना हे लगेच पटेल. हाड ही अशीच जमीन. कर्कपेशी हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्टना चेतवते. हाड झिजताना त्यात साठलेलं टीजीएफ-बीटा हे वाढीचं प्रथिन सुटतं, ते कर्कपेशीला पोसतं आणि टी पेशींना दाबतं.

म्हणून काढा नको. फौज कमी नाही, तिला ब्रेक लागलाय, आणि तो काढ्यानं सुटत नाही. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतात आहेत. हा ब्रेक सोडवणाऱ्या औषधांनी, म्हणजे इम्युनोथेरपीनंही, यकृताला सूज येऊ शकते. मग दोष कशाचा हे कळत नाही आणि उपचार थांबतो.

पीडी-एल१ ५० टक्के किंवा जास्त असेल तर केमोशिवाय नुसती इम्युनोथेरपी (उदा. पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिग्रॅ, दर ३ आठवड्यांनी शिरेतून) देता येते. पण आधी ईजीएफआर आणि एएलके या गाठीतल्या जनुकांच्या तपासण्यांचे निकाल हातात येऊ द्या. त्यात बदल सापडला तर त्यावरच्या गोळ्याच आधी. अशा गाठींवर इम्युनोथेरपी फारशी चालत नाही. घाईनं ती देऊन पाठोपाठ ओसिमर्टिनिब (ईजीएफआर बदलावरची गोळी) सुरू केलं, तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. पूर्वी टीबीची औषधं घेतली असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

या तपासण्या पॅराफिन ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर होतात, नुसता कागद नेऊन भागत नाही. मुंबई-नाशिकला जाताना ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं.

आणि नानांचे पाय जड पडले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असू शकते; त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआयची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.