थर्टी सिक्स्टी घेऊ की फोर्टी सिक्स्टी?

प्रश्न : दादा नमस्कार, मी नाशिकरोडला राहतो, ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १०८०पी मॉनिटर आणि जीटीएक्स १६५० चार जीबीवालं ग्राफिक्स कार्ड. प्रोजेक्टला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रामकुंडाचा घाट बनवतोय, दगड पायऱ्या पाणी सगळं, पण रेंडर (शेवटचं चित्र बनवणं) दाबलं की जीपीयू मेमरी, म्हणजे ग्राफिक्स कार्डची मेमरी, संपली म्हणून एरर. रात्री गेम पण खेळतो, खोटं कशाला बोलू. एमजी रोडला एकाकडे एनव्हिडियाचं नवीन आरटीएक्स ४०६० कार्ड आहे, तो म्हणतो डोळे झाकून घे. मित्राचा चुलतभाऊ त्याचं ३०६० विकतोय, बरंच स्वस्तात. यूट्यूबवर तर सगळीकडे ४०६०च जिंकतंय, मग ३०६० घेतलं तर येडेपणा होईल का?

उत्तर : नाही होणार, पण दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही. १०८०पी गेममध्ये ४०६० पुढेच आहे, एनव्हिडियानेच साधारण २० टक्के सांगितलं होतं, फ्रेम जनरेशन बंद ठेवून (ते काय, खाली सांगतो). यूट्यूबवर तू बघतोयस ते याच तालमीतले आकडे. फक्त तिथलं मशीन तुझं नाही आणि तिथे कोणी रामकुंडही बांधत नाही.

आता बघ, ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ ला, ३५८४ कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे घटक), १२ जीबी मेमरी, १९२ बिटचा बस (मेमरीकडे जायची वाट), सेकंदाला ३६० जीबी डेटा. ४०६० जून २०२३ चं, कोअर उलट कमी, ३०७२, मेमरी ८ जीबी, बस १२८ बिट, सेकंदाला २७२ जीबी. नुसतं खोक्यावरचं वाचलं तर कोणीही म्हणेल जुनंच भारी, पण नव्याचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, बराच वर आहे आणि एल-टू कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी झटपट मेमरी, २४ एमबी, जुन्यात फक्त ३. म्हणजे असं समज, मेमरी ही कांद्याची चाळ, बस तिचं दार आणि कॅश ही ओट्याखालची टोपली. ४०६० ची चाळ छोटी, दारही अरुंद, पण टोपली आठपट मोठी, त्यामुळे दर भाजीला उठून चाळीकडे पळावं लागत नाही. गेममध्ये हे मस्त चालतं.

पण पंगतच मोठी असली आणि चाळीतलाच कांदा संपला तर? मग लासलगाव गाठायचं, म्हणजे पीसीच्या साध्या रॅममधून डेटा ओढायचा. आणि इथे तुझा बी४५० आडवा येतो. तो बोर्ड पीसीआयई ३.० चा (पीसीआयई म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यातला रस्ता), आणि ४०६० ला त्यातल्या लेन आठच दिल्यात. ४.० च्या बोर्डवर आठ लेन पुरतात, तुझ्याकडे त्याच आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जाणार. ३०६० ला सोळा लेन आहेत, म्हणजे तुझ्याच बोर्डवर दुप्पट. मेमरी पुरतेय तोवर फार फरक कळत नाही, भरली की मात्र ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरा दिसतो आणि मधेच गचके बसायला लागतात, म्हणून व्हिडिओ बघताना ॲव्हरेजखालचा तो १ टक्का लो वाला, म्हणजे सगळ्यात हळू फ्रेमचा, आकडा बघत जा.

आता तुझ्या घाटाचा हिशोब. एक ४के टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट, झाले ६४ एमबी. ती जेपीजी फाइल डिस्कवर ५ एमबीची दिसते म्हणून फसू नको, ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स ती उघडून पूर्ण पसरून मेमरीत ठेवतं. एका दगडाला रंग, रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट असे चार मॅप लावलेस तर २५६ एमबीपर्यंत जातं. असे वीस मटेरियल झाले की ५ जीबी, आणि अजून पायऱ्यांची जॉमेट्री आलीच नाही, वर विंडोज आणि व्ह्यूपोर्ट आपापला वाटा खातात ते वेगळं. तुझे ४ जीबी का फुटले ते कळलं ना. ८ जीबीत आत्ताचा सीन कसाबसा बसेल, पुढच्या सेमला परत हेच रडगाणं. (लांबच्या पायऱ्यांना २के टेक्स्चर लाव की रे, एकदम पाव होतं. हे आज रात्री फुकटात होण्यासारखं आहे.)

सीन ८ जीबीत बसत असेल तर ब्लेंडरमध्येही ४०६० लवकर सुटतं, हे लपवत नाही. पण तुझं काम आणि तुझा बोर्ड बघता मी १२ जीबीवालं ३०६० घेईन. नुसता गेम खेळणारा असतास तर नवीन ४०६० घे म्हणालो असतो, ११५ वॉटमध्ये भागतं, ३०६० ला १७० लागतात. फरक ५५ वॉटचा, रोज चार तास धरले तर महिन्याला साडेसहा युनिट. एप्रिलमध्ये कॅबिनेटचं दार काढून टेबल फॅन लावणाऱ्यांना वॉटचं महत्त्व सांगायला नको. फ्रेम जनरेशनसाठी मात्र ४०६० कडे जाऊ नको, ते दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनवलेली घालतं, दिसायला स्मूद पण माउसचा रिस्पॉन्स काही सुधारत नाही.

आता चुलतभाऊ. ३०६० नावाचं ८ जीबीवालं कार्ड पण निघालं होतं, १२८ बिटचं, ते चुकूनही नको. जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून १२२८८ एमबी आणि १९२ बिट स्वतःच्या डोळ्यांनी बघ. सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, तेव्हा त्याच्या घरीच वीस मिनिटं ब्लेंडर लावून बस, पंख्याचा आवाज ऐक. मी एकदा जुनं कार्ड घेताना स्क्रीनवर नुसता डेस्कटॉप दिसला आणि लगेच पैसे दिले, घरी गेम लावला तर दहाव्या मिनिटाला स्क्रीनवर हिरवे चौकोन, आणि विकणाऱ्याचा फोन बंद. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, किती वॉटचा ते लिहिलं नाहीस. कंपनी दोन्ही कार्डांना ५५० सांगते. १६५० ची बरीच मॉडेल वेगळ्या वायरीशिवाय चालतात, तेव्हा आधी कॅबिनेट उघड आणि आठ पिनची वायर मोकळी आहे का बघ.

प्रश्न : सर, आय थ्री १२१०० वर ४०६० टाकलं तरी गेम पहिल्यासारखाच अडकतो. कार्ड खराब आलं का? (सिडको)

उत्तर : एचडीएमआय केबल कुठे लावलीय ते बघा, बोर्डाच्या मागे यूएसबीजवळ असेल तर काढून खाली कार्डमध्ये लावा. तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे बोर्डातूनही चित्र येतं आणि माणसाला शंकाच येत नाही. केबल बरोबर असेल तर रॅमच्या दोन कांड्या आहेत का ते कळवा.

प्रश्न : मुलगा म्हणतो इंजिनिअरिंगला ग्राफिक कार्ड लागतंच. खरं का? (एक आई, मखमलाबाद)

उत्तर : ताई, ब्रँच कोणती ते विचारा. कॉम्प्युटर असेल तर पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रामला लागत नाही. गेमला लागतं.