वाऱ्याच्या बंदरात नांगरलेली नौका : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शिडाच्या नौकेलाच घर मानून देशोदेशी फिरणाऱ्या प्रवाशांविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत भर समुद्रातील वादळांपेक्षा एखाद्या बेटाच्या बंदरात नांगर टाकून राहण्याविषयीचे प्रश्न अधिक होते, आणि ते मला योग्य वाटते. अशा नौकेचे वर्षातील बहुतेक दिवस नांगरावरच जातात, आणि जेथे वारा दिवसरात्र वाहतो त्या बंदरात एका जागी थांबून राहणे हेच मोठे काम असते. घरातील स्वयंपाक, धुणे, झोप, बाजारहाट या सगळ्यांची वेळ तेथे वारा ठरवतो. निवडक पत्रांना पुढे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : नांगर टाकल्यानंतरही नौका सरकू शकते, असे आपण लिहिले होते. मग रात्री झोप कशी लागते? अधिक वजनाचा नांगर घेतला तर ही चिंता मिटणार नाही का?

वजनदार नांगराचा उपयोग होतो, पण साखळीची लांबी आणि तळाची जात यांचे महत्त्व त्याहून अधिक आहे. नांगराचे पाते वाळूत किंवा घट्ट चिखलात रुतते, आणि त्याला आडवी ओढ बसली की ते आणखी खोल जाते. तीच ओढ वरच्या दिशेने बसली तर पाते उपटले जाते. ओढ आडवी राहावी म्हणूनच साखळी भरपूर सोडायची असते. समजा, पाणी ६ मीटर खोल आहे, भरतीला ते आणखी दीड मीटर चढणार आहे आणि नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून दीड मीटर उंच आहे, तर हिशेबात ९ मीटर धरावे लागतात. साध्या वाऱ्यात त्याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर साखळी पुरते; वारा २५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या, पुढे जाण्याची चिन्हे असतील तर सातपट, म्हणजे ६३ मीटर सोडलेली बरी. खोली दाखवणारे यंत्र पुष्कळ नौकांवर पृष्ठभागापासून न मोजता नौकेच्या बुडापासून मोजते. तसे असेल तर बुड पाण्यात जितके खोल असते तितकी भर या आकड्यात घालावी लागते, आणि नवशिक्यांकडून नेमकी हीच बेरीज राहून जाते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की नौकेवरील जोर चौपट होतो, हे मनात पक्के असावे. १५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या वाऱ्यात शांत उभी असलेली नौका ३० नॉटच्या झोतात साखळीला चौपट जोराने ओढते. हवामानाच्या अंदाजात दिलेला वेग ही सरासरी असते. मोकळ्या समुद्रावरही झोत त्याहून ४० टक्के अधिक जोराचे असू शकतात. उंच बेटांच्या आडोशाला तर फसगतच अधिक होते. डोंगराच्या आड वारा लागणार नाही असे वाटते, परंतु वारा माथा ओलांडून उतारावरून खाली कोसळतो आणि बंदरातील पाणी उडवीत कधी एका बाजूने, तर कधी दुसऱ्या बाजूने येतो. दोन उंच बेटांमधील खाडीत तो चिंचोळ्या वाटेत कोंडला गेल्याने आणखी वेग घेतो. केप व्हर्दे द्वीपसमूहात साओ व्हिसेंते आणि सांतो अंताव या बेटांमध्ये ईशान्य व्यापारी वारे असेच वेगाने घुसतात, आणि अटलांटिक ओलांडण्यापूर्वी नौका जेथे थांबतात ते मिंदेलोचे बंदर त्याच वाटेवर आहे. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी निरभ्र आकाशात सुरू होतो आणि कित्येक दिवस थांबत नाही. तेथे ढगांकडे पाहून काहीच कळत नाही.

म्हणून नांगर टाकल्याबरोबर इंजिन बंद करू नये. नौका मागे सरकत असतानाच साखळी हळूहळू सोडावी, म्हणजे ती नांगरावर ढीग होऊन पडत नाही. पुरेशी साखळी सुटल्यावर इंजिन उलटे चालवून जोर क्रमाक्रमाने वाढवावा आणि किनाऱ्यावरील दोन वस्तू, उदाहरणार्थ पुढचा खांब आणि त्यामागील घराचा कोपरा, एका रेषेत धरून पाहत राहावे. ती रेष मोडली नाही तर नांगर लागला. याच वेळी साखळीवर हात ठेवून पाहावा. नांगर नीट रुतला असेल तर साखळी संथपणे ताणते आणि सैल होते. तो खडकावरून घसरत असेल तर खडखड थेट तळहाताला जाणवते. पाणी स्वच्छ असेल तर पाणचष्मा लावून खाली जावे आणि पाते खरोखर रुतले आहे का हे डोळ्यांनी पाहून यावे. माझ्या मते याच्या तोडीचा दुसरा उपाय नाही. भूमध्य समुद्रात पॉसिडोनिया नावाची पाणवनस्पती तळावर गालिच्यासारखी पसरलेली असते. तिच्यात नांगर नीट धरत नाही आणि तिची मुळे उपटली गेली तर ती पुन्हा वाढायला फार वर्षे लागतात. तेव्हा तिच्यामधील वाळूची मोकळी जागा शोधूनच नांगर टाकावा.

नांगरांचे प्रकार अनेक आहेत. भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ मध्ये तयार केलेला, बिजागरीचा सीक्यूआर नांगर अनेक दशके नौकांवर सर्रास दिसत असे. अलीकडचे नांगर त्याहून लवकर रुततात. तरीही चांगला नांगर आखूड साखळीवर टाकण्यापेक्षा मध्यम नांगर लांब साखळीवर टाकलेला मला अधिक भरवशाचा वाटतो.

१० मिलिमीटर जाडीच्या साखळीचे वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. मंद वाऱ्यात ही साखळी तळावर पडून राहते आणि हिसके आपल्या वजनात जिरवते, पण जोराच्या झोतात ती सरळ ताणली जाते आणि मग प्रत्येक हिसका थेट नांगराला आणि साखळी ओढणाऱ्या यंत्राला बसतो. त्यासाठी साखळीला नायलॉनचा एक जाड, लवचीक दोर अडकवून त्याचे दुसरे टोक डेकवरील खुंट्याला बांधतात आणि साखळी थोडी सैल सोडतात. याला स्नबर म्हणतात. ताण हा दोर घेतो आणि रबरासारखा लांब होऊन हिसका पचवतो. तो नाळेवर जेथे घासतो तेथे जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा चढवावा आणि रोज सकाळी दोर वीतभर पुढे सोडावा, म्हणजे घर्षण एकाच जागी होत नाही. नळी बाजूला सारून आतील धागे बोटाने चाचपणे हे अशा बंदरातील सकाळचे पहिले काम असते.

आता झोपेविषयी. जागा सोडल्यास वाजणारा जीपीएसचा गजर लावून ठेवतातच, परंतु वारा फार वाढला की घरातील मोठी माणसे आळीपाळीने जागतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शिडे चढवण्याचे दोर डोलकाठीवर रात्रभर आपटत राहू नयेत म्हणून ते बाजूच्या तारांना खेचून बांधावेत. त्याने स्वतःची झोप वाचते आणि शेजाऱ्यांचीही. काही रात्रींनी कानाला नेहमीचा आवाज ओळखीचा होतो आणि माणूस तो बदलल्यावरच जागा होतो.

प्रश्न : एवढा वारा असेल तर पवनचक्कीवर वीज मुबलक मिळत असेल. मग पाणी आणि वीज इतकी जपून का वापरतात?

वीज खरोखर चांगली मिळते. पवनचक्कीची शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १० नॉटचा वारा २० नॉटचा झाला की आठपट. पण १० नॉटमध्ये ती जेमतेम थोडीच वीज देते, आणि फार जोराच्या वाऱ्यात तिला आवरावे लागते. त्यामुळे सौर पट्ट्या असाव्याच लागतात. नौकेवर सर्वांत अधिक वीज बहुधा शीतकपाट घेते. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याहून अधिक रिकाम्या केल्या तर त्यांचे आयुष्य घटते, त्यामुळे वापरता येण्याजोगी वीज आकड्यात दिसते त्याच्या निम्मीच असते.

पाण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते काढणारे यंत्र पाणी ५५ ते ६० बार दाबाने एका पातळ पडद्यातून ढकलते. बंदराच्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो आणि तेलाने तो पडदा खराब होतो, म्हणून नांगरावर असताना हे यंत्र बहुधा बंदच ठेवावे लागते. मग २० लिटरचे डबे किनाऱ्यावरून भरून आणायचे. भांडी घासताना नळ पायाने दाबायच्या पंपाचा असेल तर पाणी निम्म्याहून कमी लागते, हे आमच्या घरात रोज दिसते. विजेच्या पंपाचा नळ उघडा राहिला की टाकी कधी उतरली ते कळतही नाही.

कपड्यांत मीठ शिल्लक राहिले तर ते पूर्ण वाळत नाहीत. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, आणि बेटांच्या बंदरांत रात्री ती बहुधा त्याच्या वर असते. सकाळी खडखडीत वाटलेला टॉवेल संध्याकाळी दमट होतो तो यामुळे. शेवटचे खळबळणे गोड्या पाण्यातच करावे; पाणी वाचवायचे असेल तर इतरत्र वाचवावे.

प्रश्न : किनाऱ्यावर जाणे-येणे कसे होते? लहान मुलांना नेता येते का?

हवा भरलेली लहान होडी, म्हणजे डिंगी, हेच नौकेवरच्या घराचे वाहन असते. मुलांना नेता येते, परंतु प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट बांधलेले असावे आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला असावी. तो पाण्यात पडला तर इंजिन त्याच क्षणी थांबते. सर्वांत मोठा धोका लाटांचा नसतो. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल आणि इंजिन मध्येच बंद पडले, तर हलकी डिंगी पाहता पाहता बंदराच्या तोंडाबाहेर जाते. वल्ही, एक छोटा नांगर आणि जवळपासच्या नौकांशी बोलण्याचा हातातील व्हीएचएफ रेडिओ या तीन गोष्टी डिंगीत नसतील तर मी घरच्या कोणालाही उतरू देत नाही. रेडिओवर मदतीची हाक १६ क्रमांकाच्या चॅनलवर द्यायची असते.

अनेक बेटांवर ऊन चढेल तसा वारा वाढतो, म्हणून बाजार सकाळीच उरकावा. येताना वाऱ्याच्या तोंडावर यावे लागत असेल तर सगळे भिजणार हे धरून कागदपत्रे आणि धान्य तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशव्यांत ठेवावे. रात्री डिंगी पाण्यात मागे बांधून ठेवू नये. रिकामी डिंगी एका झोतात उलटी होते आणि इंजिन पाण्यात जाते.

प्रश्न : नांगरलेल्या नौकेवरही माझ्या पतींना मळमळले. आत स्वयंपाक करणे कसे शक्य होते?

नांगरलेली नौका वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, पण दूरवरून आलेली लाट भूशिराला वळसा घालून आडवी येते. तेव्हा नौका कुशीवरून कुशीवर डुलते, आणि हे डुलणे प्रवासातील हेलकाव्यांपेक्षाही अधिक त्रास देते. मागूनही एक नांगर टाकून नाळ लाटेकडे वळवण्याचा उपाय मंद वाऱ्यात चांगला आहे. जोराच्या वाऱ्यात तो करू नये, कारण मग वारा नौकेच्या कुशीवर आदळतो आणि दोन्ही नांगरांवरील ताण फार वाढतो. आपल्या पतींना नौकेच्या मध्यभागी, शक्य तितके खाली आडवे होऊ द्यावे, किंवा डेकवर बसून किनाऱ्याकडे पाहू द्यावे.

शेगडी दोन टोकांवर टांगलेली असते, त्यामुळे नौका कलली तरी ती समतल राहते. भांडी खोल असावीत, अर्धीच भरावीत. कुलूपबंद झाकणाचा प्रेशर कुकर येथे सर्वांत सुरक्षित. गॅसबाबत मात्र कसलीही सवलत नसावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर उघड्या झरोक्यातून बाहेर न जाता नौकेच्या तळाच्या पोकळीत साठतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. स्वयंपाक झाला की शेगडीचीच नव्हे, सिलिंडरचीही कळ बंद करण्याची सवय लहानथोर सर्वांना असावी.

प्रश्न : शेजारची नौका सरकत आपल्यावर आली तर?

कर्णा वाजवून त्यांना जागे करावे, इंजिन सुरू करावे, रबरी गाद्या बाजूला बांधाव्यात आणि मागे जागा असेल तर स्वतःची साखळी आणखी सोडावी. हातापायांनी नौका ढकलून थोपवू नये. कित्येक टन वजनापुढे हाड टिकत नाही. नंतर आलेल्याने आधी नांगरलेल्याच्या फिरण्याची जागा सोडावी असा सर्वत्र रिवाज आहे. सागरी टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरलेल्या नौकेवर रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा पुढच्या भागात काळा गोळा असावा लागतो. दिवा सगळे लावतात, गोळा पुष्कळजण विसरतात.

प्रश्न : किती वारा झाला की बंदर सोडावे?

केवळ वेगावर हे ठरवू नये. दिशा अधिक महत्त्वाची आहे. किनाऱ्याकडून येणारा ३५ नॉटचा वारा चांगल्या तळावर सोसता येतो. तोच वारा फिरून समुद्राकडून येऊ लागला आणि नौकेच्या मागे खडक आला, तर २० नॉटमध्येही निघून जावे, कारण मग नांगर सुटल्यावर हाती काही मिनिटेच उरतात. असा बदल अंदाजात दिसत असेल तर निर्णय उजेड असतानाच घ्यावा. साखळीचे शेवटचे टोक नौकेला डेकपर्यंत पोहोचेल इतक्या लांब दोराने बांधलेले असावे, लोखंडी कडीने अडकवलेले नसावे. नांगर उचलण्याइतका अवधी नसेल तर साखळीला एक तरंगता पिंप बांधून तो दोर सुरीने कापता येतो आणि नौका लगेच मोकळ्या पाण्याकडे नेता येते; वारा पडल्यावर परत येऊन, पिंप शोधून, नांगर आणि साखळी वर काढता येतात.