मे महिना क्लासला द्यावा की आजोळाला?

प्रश्न: मुलगा आठवी पास होऊन एप्रिलपासून नववीत बसू लागला आहे. डिचोलीतल्या एका क्लासने मे महिन्यात तीस दिवसांची, रोज चार तासांची ‘फाउंडेशन’ बॅच काढली आहे. पुढे जेईई-नीट द्यायची तर आताच पाया घाला, असं ते म्हणतात. मुलाला मात्र वाळपईजवळ आजोळी जायचं आहे. यजमान औषध कंपनीत शिफ्टला, मी पतसंस्थेत. जाऊबाई म्हणतात, नववीचा मे महिना असा घालवला तर दहावीला पस्तावाल. काय करावं? – एक आई, डिचोली, गोवा

नमस्कार ताई,

आधी गणिताची एक तपासणी करा. ती बरी निघाली तर त्याला निर्धास्तपणे आजोळी पाठवा. कच्ची निघाली तरी पाठवाच, फक्त सोबत एक वही द्या.

जेईई मेन आणि नीट या परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा असतो. आठवी-नववीच्या मुलाला ‘पाया’ म्हणून जे शिकवतात ते बहुतेक शाळेचंच गणित आणि विज्ञान असतं, थोडं पुढचं, थोडं घाईचं. शाळेचं वर्ष आता एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणजे मुलांच्या हाती मोकळा असा जेमतेम मे महिना उरतो. त्यातले रोजचे चार तास आणि जाण्यायेण्याचा वेळ काढला की सुट्टीत राहिलं काय?

तपासणी अशी करा. आठवीच्या वार्षिक परीक्षेचा गणिताचा जुना पेपर घ्या, घड्याळ लावून पूर्ण वेळ सोडवायला बसवा. गुण मोजू नका, चुकांची वर्गवारी करा. चिन्ह चुकलं का, अपूर्णांकात अडला का, समीकरण मांडता आलं नाही का, की प्रश्नच नीट वाचला नाही? ऋण संख्या, अपूर्णांक, गुणोत्तर आणि एका चलातली समीकरणं या चार ठिकाणी चुका साचल्या असतील तर नववीचं बीजगणित जड जाणार. त्यावर उपाय म्हणजे रोज सकाळी न्याहारीआधी चाळीस मिनिटं आणि त्याच प्रकारची आठ-दहा गणितं. दुपारी बसवू नका. मेच्या उकाड्यात जेवणानंतर कुणाचंच डोकं चालत नाही, मग उगाच भांडण होतं. ही दुरुस्ती तीस मुलांच्या बॅचमध्ये होत नाही, कारण तिथे सर पुढच्या धड्याकडे निघालेले असतात.

आता आजोळाविषयी. दहावीनंतर त्याला अकरावीची शाखा निवडायची आहे, किंवा पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, किंवा आयटीआय. अशा वेळी बहुतेक मुलांना स्वतःविषयी सांगता येतं ते एवढंच: कोणत्या विषयात किती गुण. कोणतं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही, कोणत्या कामाचा कंटाळवाणा भागही आपण तडीस नेला, हे माहीत नसतं. ते कळायला सलग मोकळे दिवस लागतात आणि आजूबाजूला हाताने काम करणारी मोठी माणसं लागतात. वाळपईकडच्या, सत्तरी तालुक्यातल्या घरी मे महिन्यात दोन्ही मिळतात.

आजीची सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) घालायची वेळ हीच. ते काम नुसतं बघू न देता पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यावर सोपवा. गडद लाल, पिकलेली पाच किलो भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, धुऊन, पुसून, चिरायची. साल एकीकडे, गर आणि बिया दुसरीकडे. सालीचं वजन साधारण निम्मं भरेल. त्याने काट्यावर करून लिहायचं. गराच्या रसात किलोमागे सुमारे शंभर ग्रॅम मीठ घालून साली त्यात रात्रभर बुडवायच्या, सकाळी सुपात पसरून उन्हात टाकायच्या, आणि हे चार-पाच वेळा करायचं. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं. ॲल्युमिनियम किंवा तांबं नको, रस आंबट असतो, धातूला लागतो. बिघडतं कुठे? मेच्या शेवटी आभाळ आलं की वाळवण अर्धवट राहतं, ते तसंच बरणीत भरलं की बुरशी धरते. म्हणून हे काम महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. रोज वजन करून वहीत उतरवलं की किती टक्के पाणी उडालं हे त्याचं त्यालाच काढता येईल. बिया वेगळ्या वाळवल्या तर भिरंडेल, म्हणजे बियांचं तेल, कसं काढतात तेही आजीला विचारता येईल.

कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, मामाबरोबर पाटाचं पाणी वळवणं हा आणखी एक चांगला धडा आहे: उतार किती, पाणी कुठे मुरतं, कोणत्या झाडाला किती वेळ. जवळपास काजूची दारू गाळायची भाटी अजून चालू असेल तर तीही बघू द्या. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस आंबवून पहिल्या वेळी उतरतं ते हुर्राक आणि पुन्हा उतरवली की फेणी, हे बघितलेल्या मुलाला पुस्तकातलं ऊर्ध्वपातन वेगळं पाठ करावं लागत नाही. (चव घेणं अभ्यासक्रमात नाही, हे मामालाही सांगून ठेवा.) मात्र कुणाच्या गॅरेजमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये ‘शिकेल’ म्हणून महिनाभर राबायला ठेवू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या कामात मदतीपलीकडे कामाला ठेवणं बेकायदा आहे, आणि अठरापर्यंत धोक्याची कामं नाहीतच. एखाद दिवस शेजारी उभं राहून बघणं पुष्कळ झालं.

पाण्याचं मात्र कडक ठेवा. म्हादईवर बंधाऱ्यामागे पाणी खोल असतं. बंद पडलेल्या चिरेखाणी आणि खनिजाच्या खाणींतले खड्डे तर पूर्ण वर्ज्य: कडा सरळ तुटलेल्या असतात, पोहता येणाराही वर चढू शकत नाही. मोठं माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हे मामाच्या तोंडून सांगितलेलं बरं; आईचं ऐकून घेतात आणि विसरतात.

पहिले चार-पाच दिवस तो ‘कंटाळा आला’ म्हणून फोन करील. लगेच कुणाला तरी त्याला फिरवून आणायला सांगू नका, मोबाईलवर सिनेमाही पाठवू नका. बहुतेक घरी सुट्टी इथेच फसते. कंटाळा तेवढेच दिवस टिकतो, मग मूल स्वतःहून कशाला तरी हात घालतं, आणि ते काय असतं हेच तर आपल्याला बघायचं आहे. दुसरी चूक म्हणजे तासातासाचं वेळापत्रक. सकाळची चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी वहीत पाच ओळी, एवढंच बंधन पुरे. वहीत आज काय केलं, कुठे अडलं, कुणाला काय विचारलं. तुम्ही ती रोज तपासायची नाही.

महिनाअखेर मात्र दोघांनी मिळून वाचा. न सांगता पुन्हा पुन्हा कुठे गेला? मोजमापांत रमला, की बाजारात भाव विचारण्यात, की यंत्र उघडून बघण्यात? सुरू केलेलं किती संपवलं? यावरून लगेच शाखा ठरवू नका. सोलं आवडली म्हणून फूड टेक्नॉलॉजी, असं होत नाही. पण पुढे पॉलिटेक्निक बघायला जाताना ही वही गुणपत्रिकेच्या शेजारी ठेवण्यासारखी असेल.

तुमच्या रजेविषयी. दोघांना मिळून चार-पाच दिवसच मिळणार असतील तर ते लांबच्या सहलीत घालवू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी राखा. तेव्हा पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या बेगमीची, खरेदी असते. यंदा यादी त्याला करू द्या: मीठ, मिरची, चिंच, कांदे, सुकी मासळी महिन्याला किती लागते ते घरात विचारून, चारने गुणून, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन-तीन ठिकाणी भाव विचारून. बजेट ठरवून पैसे त्याच्या हातात द्या. मिरची थोडी महाग पडली तर पडू दे, मध्ये बोलू नका.

क्लासवाल्यांना नकार देताना विचारा, जूनपासून आठवड्यातून दोन दिवसांची बॅच आहे का. तपासणीत गणित कच्चं निघालं आणि महिन्याभराने तोच पेपर पुन्हा देऊनही चुका त्याच राहिल्या, तर तेव्हा घाला. त्याआधी पैसे भरायचेच झाले, तर मध्येच सोडल्यास किती परत मिळतील ते लेखी घ्या.