जड कॅमेरा, हलका गिंबल

प्रश्न : ॲलेक्सा मिनी या सिने कॅमेऱ्यासाठी आरएस ३ प्रो गिंबल (कॅमेरा मोटरने स्थिर धरणारा हातातला स्टँड) चालेल का? त्याचं भाडं परवडतं. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नुसती बॉडी २.३ किलोची, तिथेच फसायला होतं. लेन्स, बॅटरी, मॅट बॉक्स (लेन्सपुढची नको तो उजेड अडवणारी चौकट), फोकसची मोटर सगळं चढवा आणि मग काट्यावर ठेवा. आरएस ३ प्रो ४.५ किलोपर्यंतच पेलतो. हलकी प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावून जमेल. जड सिने झूम लेन्स लावलीत तर विसरा. रोनिन २ हा मोठा गिंबल चांगला १३.६ किलो घेतो, पण तो हातात धरून जिना चढायला मी तरी येणार नाही! चालत्या लांब शॉटसाठी स्टेडीकॅमच घ्या, ऑपरेटरसकट. त्यात वजन स्प्रिंगच्या आर्मवरून जाकिटावर, म्हणजे अंगावर उतरतं, मनगटावर नाही. आणि गिंबलचा बॅलन्स मोटर बंद ठेवूनच करा; लेन्स बदलली की पुन्हा.